किल्ल्यावरचा मावळा आणि गोव्यात घडलेला जी. आय. जो

१/ मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतीत दिवाळीचा किल्ला करायचा, तर पहिली अडचण मातीची. मिठागरांच्या या पट्ट्यात इमारतींच्या आवारात उघडी जमीन क्वचितच उरली आहे. मग विटा रचायच्या, त्यांवर गोणपाट अंथरायचे आणि पोत्यातून आणलेली लाल माती लिंपायची. अळीव उगवले की मावळे चढतात.

२/ मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांचे पहिले योद्धे हेच. साच्यातून काढलेले, हाताने रंगवलेले, सांधे नसलेले. सिंहासनावर महाराज, बुरुजाशी तोफ, पायथ्याशी गवळण. आणि गुहेत मावळ्याच्या दुप्पट आकाराचा वाघ. प्रमाणबद्धतेची तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

३/ ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द मात्र १९६४ चा. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सुमारे फूटभर उंचीचा, हलत्या अवयवांचा सैनिक बाजारात आणला. मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत, या धास्तीने हे नवे नाव योजले गेले. आपल्याकडे मावळ्याला ‘चित्र’ म्हणत. तिथे हा पेच उद्भवलाच नाही. १९८२ मध्ये जो पावणेचार इंचांचा होऊन परतला.

४/ त्या काळी भारतात परदेशी खेळण्यांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. असा सैनिक यायचा तो आखातातून परतणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून. पुढे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये फनस्कूल स्थापन झाली. तिचा कारखाना गोव्यात होता. हॅस्ब्रोच्या साच्यांतून तिथे जी. आय. जो घडू लागला. रंग मूळ अमेरिकी खेळण्याशी जुळतीलच असे नव्हते. हीच विसंगती आज मोलाची ठरली आहे: परदेशी संग्राहक भारतीय बनावटीचे ते सैनिक आवर्जून शोधतात.

५/ नव्वदच्या दशकातल्या किल्ल्यांवर म्हणूनच मावळ्याशेजारी बंदूकधारी कमांडो पहाऱ्याला दिसे. इतिहासाच्या दृष्टीने अक्षम्य. खेळाच्या दृष्टीने निर्दोष.

६/ १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि स्वस्त चिनी खेळण्यांनी बाजार व्यापला. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेले. तोवर एक पिढी वेगळ्याच नायकांसह वाढली होती.

७/ स्मरणरंजन मात्र समन्यायी नसते. प्लास्टिकचा सैनिक तीस वर्षांनीही तसाच सापडतो, त्याची किंमत ठरते, त्याच्या याद्या होतात. साठच्या दशकातल्या मावळ्याची यादी कोण करणार? तो पावसाळी ओलीत विरघळला. आजोबांचे बालपण म्हणूनच वस्तूंत कमी आणि बोलण्यात अधिक उरते.

८/ १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला घोडबंदरचा किल्ला मीरा-भाईंदरच्याच हद्दीत आहे. आवारातला किल्ला दिवाळीनंतर मोडतो. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. पुढच्या वर्षी निम्मे तलवारीविना बाहेर येतात.