वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर: मॉडिफाइड गाडीला तो का लागतो आणि कसा बसवायचा?

शनिवार पेठेत राहून गाडी मॉडिफाय करायची हौस म्हणजे जरा वेडेपणाच. इथे पार्किंग मिळायची मारामार, बॉनेट कुठे उघडणार? तरीही आठवडाभर कोड लिहून झाला की रविवारी सकाळी मी बाबांच्या २०१४ च्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकच्या मागे लागतो. तिला फ्री-फ्लो हेडर, मोठा एअर फिल्टर आणि पिगीबॅक ईसीयू बसवला. गाडी मस्त पळायला लागली, पण कात्रजचा घाट चढताना पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनातून टकटक आवाज यायचा. नॉकिंग! दुर्लक्ष केलं तर पिस्टन जाऊ शकतो, आणि याच गाडीने आईबाबा गावाला जातात. कारण अंदाजाने सांगणारे दहा जण भेटले, मोजून सांगणारा एकही नाही. म्हणून वाइडबँड घेतला.

साधा सेन्सर आणि वाइडबँड, फरक काय?

कंपनीच्या सायलेन्सर पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतोच. बॉशने तो १९७६ मध्ये बाजारात आणला. माझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत तो नॅरोबँड असतो. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, लीन, म्हणजे हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्ट. मधला ०.४५ चा टप्पा तो झटक्यात ओलांडतो. थोडक्यात, तो 'कमी की जास्त' एवढंच सांगतो, 'किती' ते नाही.

वाइडबँडमध्ये एक छोटा 'पंप' असतो. तो करंट वापरून ऑक्सिजन आत-बाहेर ढकलतो आणि सेन्सरच्या आतल्या पोकळीत तोल कायम ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला, यावरून मिश्रणाचा नेमका आकडा कळतो. हे काम सांभाळायला वेगळा कंट्रोलर लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा यातला सर्वांत ओळखीचा सेन्सर. तो साधारण ७८० अंश सेल्सिअसला काम करतो.

मोबाईल अ‍ॅपवर दिसतोच की आकडा!

मलाही असंच वाटलं होतं. ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावला की अ‍ॅपमध्ये एअर-फ्युएल रेशो दिसतो. पण नॅरोबँडच्या गाडीत तो बहुतेक वेळा ईसीयूने ठरवलेलं लक्ष्य असतं, मोजमाप नव्हे. त्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर असा ईसीयू सेन्सरचं ऐकतच नाही, साठवलेल्या तक्त्यावर चालतो. नेमकं तिथेच इंजिन धोक्यात असतं.

एएफआर नको, लॅम्डा बघा

शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणून ई२० पेट्रोलचा आदर्श आकडा साधारण १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने अंदाजे ९ टक्के जास्त इंधन हवं. लॅम्डात मात्र कोणत्याही इंधनाला १ म्हणजे आदर्श, त्याखाली रिच, त्यावर लीन. गेज लॅम्डावर सेट करा, गोंधळच संपतो.

बसवायचा कसा?

१. जागा: हेडरचे सगळे पाइप जिथे एकत्र येतात त्याच्या पुढे, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतर. कंपनीचा सेन्सर काढायचा नाही, ईसीयूला तो लागतो.

२. वेल्डिंग: पाइपला भोक पाडून १८ मिलिमीटर, १.५ पिचचा नट (बंग) आर्गन वेल्डिंगने लावून घ्या. सेन्सरचं टोक खाली हवं आणि सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला हवा. नाहीतर पाइपमध्ये साचलेलं पाणी गरम सिरॅमिकवर पडून ते तडकतं. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि सेन्सर दोन्ही काढून ठेवा.

३. वायरिंग: इग्निशन चालू झाल्यावरच मिळणारा १२ व्होल्ट, रिलेमधून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्षमतेच्या फ्यूजसह. अर्थिंग पक्कं हवं, नाहीतर पिगीबॅकला जाणारा ०-५ व्होल्टचा सिग्नल चुकतो. सेन्सरचा कनेक्टर कापू नका, कॅलिब्रेशनचा रेझिस्टर त्यातच असतो.

४. कॅलिब्रेशन: काही कंट्रोलर मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन मागतात. ते सेन्सर पाइपात बसवण्याआधी करा.

५. पथ्य: कंट्रोलर बंद आणि इंजिन चालू, असं कधीच नको. थंड सेन्सरवर काजळी बसून तो मरतो. वायरिंग बाकी असेल तर नटाला बूच लावा.

माझे दोन रविवार कुठे गेले?

पहिल्यांदा गाडी चालू केली तर आयडलला गेजवर लॅम्डा १.१! लीन आहे म्हणून मी पिगीबॅकमधून पेट्रोल वाढवलं. गेज हलेना. दोन रविवार हेच चाललं. मग अ‍ॅपमधला फ्युएल ट्रिम बघितला. मी जेवढं वाढवत होतो, तेवढंच ईसीयू कमी करत होता, म्हणजे त्याच्या मते मिश्रण ठीकच होतं. दोन सेन्सर वेगळं सांगत असतील तर त्यांच्यामध्ये काहीतरी बिघडलंय. साबणाचं पाणी मारल्यावर नटाच्या वेल्डिंगला बुडबुडे आले. टाचणीएवढं भोक! त्यातून बाहेरची हवा आत ओढली जात होती. पुन्हा वेल्डिंग केलं, आकडा १.०० वर.

मग डायनोवर खरा प्रश्न सापडला. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर लॅम्डा ०.९७. टर्बो नसलेल्या इंजिनाला तिथे साधारण ०.८५ ते ०.९० हवा. ०.९७ भागिले ०.८८ म्हणजे जवळपास १० टक्के पेट्रोल कमी पडत होतं. तेवढं वाढवलं, टकटक थांबली.

आकडे वाचताना लक्षात ठेवा

- आयडल आणि संथ वेगात लॅम्डा १ च्या आसपास.
- उतारावर पाय सोडला की गेज एकदम लीन दाखवतो. घाबरू नका, ईसीयूने इंधन बंद केलेलं असतं.
- मिसफायर झाला तरी गेज लीनच दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो.
- गाडी चालवताना नजर रस्त्यावर. लॉग घरी येऊन बघा.

शेवटचं, कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल चालत नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. बीएस४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत लॅम्डा १ च्या ०.०३ इकडे-तिकडेच लागतो. वॉरंटी असेल तर आधी अटी वाचा.

आता बाबा गाडी घेऊन निघाले की मी निवांत असतो. त्यांना मात्र डॅशबोर्डवरचं ते गोल घड्याळ अजूनही बंद पडलेलं वाटतं, कारण त्यात कायम एकच वाजलेला असतो!