भाग १४ : पिनेवरची चौथी कडी

आज सुरुवातीलाच एक छोटंसं काम सांगतो. ज्या फोनवर हे ऐकताय, तो हातात घ्या आणि त्याची खालची कड बघा. चार्जिंगच्या खाचेशेजारी टाचणीच्या टोकाएवढं एक भोक दिसेल. तो तुमचा माइक. आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण मी कॉलेजात होतो तेव्हा माझ्याकडच्या प्लेअरला ते भोक नव्हतं. मग मी माइक घरीच बनवला. आज त्याची गोष्ट, आणि त्या माइकमधून जे निसटलं, त्याचीही.

रेकॉर्डरमधून रेकॉर्डिंग काढलं

१ जुलै १९७९ ला सोनीने जपानमध्ये पहिला वॉकमन बाजारात आणला. मॉडेल टीपीएस-एल२, किंमत ३३,००० येन. आता गंमत बघा. हे यंत्र अगदी शून्यातून आलेलं नव्हतं. पत्रकारांसाठी सोनीचा 'प्रेसमन' नावाचा छोटा कॅसेट रेकॉर्डर आधीपासून होता. इंजिनिअरांनी त्यातला रेकॉर्डिंगचा भाग काढला आणि स्टिरिओ आवाजाची सोय बसवली. कंपनीतल्याच बऱ्याच लोकांना वाटलं, रेकॉर्ड न करणारं टेपचं यंत्र घेणार कोण? सोनीचे अकिओ मोरिता मात्र अडून बसले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

तरी त्या पहिल्या वॉकमनवर एक माइक शिल्लक होता, बरं का. दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून हेडफोनच्या दोन जागा होत्या, आणि एक नारिंगी 'हॉटलाइन' बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं माइकमधून कानात यायचं. पुढच्या मॉडेलमध्ये तेही गेलं. रेकॉर्ड करणारे वॉकमन नंतर आले, १९९२ मध्ये मिनिडिस्कही आली, पण ती हौशी आणि खिसा गरम असलेल्या लोकांची खेळणी. बाकीच्यांना सवय लागली ती नुसतं ऐकण्याची.

मग २३ ऑक्टोबर २००१ ला ॲपलने आयपॉड दाखवला. खिशात हजार गाणी! पण माइक नाही. २००३-०४ च्या सुमारास बेल्किन, ग्रिफिन अशा कंपन्यांनी वरून लावायचे माइक काढले. त्यावरचं रेकॉर्डिंग मोनो, ८ किलोहर्ट्झचं, म्हणजे जुन्या टेलिफोनच्या दर्जाचं. आणि नेमकं त्याच काळात, फेब्रुवारी २००४ मध्ये, बेन हॅमर्सली या पत्रकाराने 'द गार्डियन'मधल्या लेखात 'पॉडकास्टिंग' हा शब्द वापरला. म्हणजे बघा, ज्या आयपॉडवरून आपल्या या धंद्याला नाव मिळालं, त्यावर पॉडकास्ट ऐकता यायचा. करता यायचा नाही.

वाटाण्याएवढी डबी

आता तुम्ही म्हणाल, घरी माइक बनवायचा म्हणजे केवढा खटाटोप! तर तो सोपा झाला दोन माणसांमुळे. गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट. दोघंही अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कामाला. सेसलर जर्मनीहून आलेले, वेस्ट व्हर्जिनियातले एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ.

कंडेन्सर माइकचं तत्त्व साधं आहे. शेजारी-शेजारी दोन पत्रे, त्यातला एक अगदी पातळ. आवाजाने पातळ पत्रा थरथरतो, दोघांतलं अंतर कमीजास्त होतं, आणि त्याबरोबर व्होल्टेज हलतो. अडचण एवढीच, की पत्र्यांवर आधी विद्युतभार हवा. तो बाहेरून द्यावा लागतो. स्टुडिओतल्या माइकला आजही त्यासाठी ४८ व्होल्ट लागतात. खिशातल्या यंत्रात ते कुठून आणणार?

१९६२ मध्ये या दोघांनी प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घेतला आणि त्यात भार असा बसवला, की तो वर्षानुवर्षं उतरत नाही. लोहचुंबक जसं आपलं चुंबकत्व धरून ठेवतं, तसं. याला इलेक्ट्रेट म्हणतात. १९६४ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्या दशकाच्या अखेरीस या माइकचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. मग टेप रेकॉर्डर, टेलिफोन, कानाची यंत्रं, सगळीकडे तो गेला. आत एक चिमुकला ट्रान्झिस्टर असतो, त्याला एक-दोन व्होल्ट मिळाले की झालं. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात याला नुसतं 'कंडेन्सर माइक' म्हणतात. वाटाण्याएवढी धातूची डबी असते.

चौथी कडी

९ सप्टेंबर २००८ ला दुसऱ्या पिढीचा आयपॉड टच आला. टचस्क्रीन, वायफाय, ॲप्स, सगळं होतं. कॅमेरा आणि माइक तेवढे नव्हते. पण हेडफोनच्या खाचेत एक रस्ता ठेवलेला होता.

साध्या हेडफोनची पिन बघा. तिच्यावर तीन भाग असतात: डावा कान, उजवा कान आणि ग्राउंड. आयफोनच्या इयरफोनच्या पिनेवर चार होते. चौथी कडी माइकची. या टचच्या खाचेत ती चौथी कडी जोडलेली होती, आणि डबीला लागणारा व्होल्टेजसुद्धा तिथूनच मिळायचा. मार्च २००९ च्या शेवटी आयफोनसाठी स्काइप आलं, तेही टचवर चालायचं. जून २००९ मध्ये व्हॉइस मेमोज आलं. म्हणजे माइक जोडला की फोन आणि रेकॉर्डर दोन्ही तयार! माइकवाले इयरफोन विकत मिळत होतेच. ते परवडत नव्हते, त्यांनी डाग द्यायला घेतले.

त्यातलाच एक मी. २०१० साल, पुणे, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. मामेभावाने वापरून झालेला टच मला दिला होता. तपकीर गल्लीत जाऊन दहा रुपयांना एक डबी आणली. मित्राच्या एका कानाने बंद पडलेल्या इयरफोनची चार कड्यांची पिन कापून घेतली. इथे पहिला धडा. सगळ्या पिना सारख्या नसतात. आयफोनवर टोकाकडून क्रम असा: डावा, उजवा, ग्राउंड, माइक. नोकियाच्या बऱ्याच फोनवर शेवटचे दोन उलटे. मी आधी नोकियाची पिन वापरली, आणि दोन दिवस टच बहिराच.

दुसरा धडा वायरचा. इयरफोनच्या तारा उघड्या दिसतात, पण त्यांवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो लायटरने जाळल्याशिवाय कथील धरतच नाही. तिसरा धडा डबीचा. तिच्या मागे दोन ठिपके असतात. जो ठिपका बाहेरच्या धातूला जोडलेला दिसतो, तो ग्राउंड. उलटं जोडलं तर आवाज नाही.

आणि सगळ्यात मजेशीर भाग. पिन लावली आणि गाणी आपोआप सुरू-बंद व्हायला लागली! मला वाटलं, यंत्र गेलं. प्रत्यक्षात माझ्या हातून कथिलाचा एक थेंब माइक आणि ग्राउंडच्या मध्ये सांडला होता. इयरफोनवरचं बटण हेच तर करतं, माइकची तार ग्राउंडला टेकवतं. वायर हलेल तसा तो थेंब टेकायचा, आणि टचला वाटायचं, कोणी बटण दाबतंय. थेंब खरवडला. डबी बॉलपेनच्या नळीत बसवली, तोंडाला स्पंजचा तुकडा. झाला माइक.

आत्याचं रेकॉर्डिंग

दिवाळीत गावी गेलो, करमाळ्याकडे. आत्याला माइक दाखवला. ती म्हणाली, "आरं, ह्या पेनात बोलू व्हय मी?" म्हटलं, "बोल की. बहात्तरच्या दुष्काळाचं सांग."

१९७२ च्या दुष्काळात ती सतरा-अठरा वर्षांची, नवं लग्न झालेली. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नसत, हे ती सांगत होती. मग म्हणाली, आम्ही आठजणी एका टोळीत होतो, आणि एकेकीचं नाव घ्यायला लागली. नुसतं नाव नाही. कुणाचं लेकरू काठावर झोळीत असायचं, कुणाच्या हाताला फोड यायचे, सगळं. मी खुशीत. आजवर घरात कुणी हे विचारलंच नव्हतं.

रात्री हेडफोन लावून ऐकलं. सहा नावं स्वच्छ. आणि मग "टिट्-टिटिट्-टिट्-टर्रर्र". तुमच्यातल्या थोड्या मोठ्यांना हा आवाज आठवत असेल. टीव्हीशेजारी मोबाइल ठेवला की फोन वाजायच्या आधी यायचा. जीएसएमचा फोन सेकंदाला २१७ वेळा झटक्याझटक्याने लहरी सोडतो. माझी वायर उघडी, वर जाळीचं आवरण नाही. ती अँटेना झाली, आणि डबीतल्या ट्रान्झिस्टरने त्या झटक्यांचा आवाज केला. मोबाइल माझाच, माझ्याच मांडीवर. फोनही माझ्याच मित्राचा, परीक्षेच्या फॉर्मबद्दल.

दुसऱ्या दिवशी आत्याला पुन्हा विचारलं. तिने बोटं मोजली. सहा नावं आली. बोलण्याच्या भरात जी दोन आदल्या दिवशी आली होती, ती काही केल्या आठवेनात. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. आता आत्या नाही. माझ्याकडे ती फाइल आहे. आठ बायका, सहा नावं, आणि मध्ये अकरा सेकंद टर्रर्र.

नंतर शिकलो, की जाळीवाली वायर घ्यायची, डबीच्या दोन टोकांमध्ये ३३ पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावायचा, की ही खरखर बरीच कमी होते. गंमत म्हणजे, मी डाग देत बसलो होतो त्याच वर्षी, सप्टेंबर २०१० मध्ये, चौथ्या पिढीचा टच आला होता. त्यात माइक आतच होता. आज फोनमधले बहुतेक माइक सिलिकॉनच्या चिपवर बनतात. डाग द्यायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

म्हणून या आठवड्याचं काम. घरात जे कुणी मोठं माणूस आहे, त्यांच्याजवळ बसा. कुठल्या शाळेत होता, पहिला पगार किती, शेजारी कोण राहायचं, असलं साधंच विचारा. नावं आली की थांबा, पुन्हा विचारून घ्या. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. आणि रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. विसरू नका.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!