घड्याळ काढून टाकलेली चिप

इतिहासाच्या आजच्या भागात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. आपल्या पाकिटातल्या बँकेच्या कार्डावर जो छोटा सोनेरी चौकोन असतो, त्याच्या आत बसलेल्या चिपची ही गोष्ट. या चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो आकडा कार्डाबाहेर कधी येत नाही. तो वापरून केलेल्या गणिताचं उत्तर तेवढं बाहेर येतं, आणि त्या उत्तरावरून मूळ आकडा शोधायचा म्हटलं तर जन्म पुरणार नाही. पण चोर गणिताच्याच वाटेने येतो असं कुठे आहे?

१९४३ साली अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत लष्कराचं एक सांकेतिक यंत्र तपासलं जात होतं. यंत्र एक पाऊल पुढे सरकलं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ऑसिलोस्कोपवर रेघ उसळायची. यंत्राला जोडलेली तारसुद्धा नव्हती. लष्कराला हे पटेना. मग अभियंते न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, लष्कराच्या संकेत कार्यालयासमोर, रस्त्यापलीकडे जाऊन बसले. अंतर सुमारे ८० फूट. तासभर त्यांनी लहरी टिपल्या आणि तीन-चार तासांत पाऊण मजकूर वाचून दाखवला.

दुसरं उदाहरण आपल्या लंडनचं. १९५६, सुएझच्या संकटाचे दिवस. इजिप्तच्या वकिलातीतल्या टेलिफोनमध्ये एमआय-फाइव्हने मायक्रोफोन बसवला. कशासाठी? तर तिथला कारकून सकाळी सांकेतिक यंत्राची चाकं नव्याने लावायचा, त्याची टकटक ऐकण्यासाठी. नुसत्या आवाजावरून काही चाकांची जागा कळली आणि संदेश उलगडणं सोपं झालं. पीटर राइट यांनी हे पुढे ‘स्पायकॅचर’मध्ये लिहिलं. ब्रिटिश सरकारने त्या पुस्तकाचं प्रकाशन रोखायला किती आटापिटा केला, ते तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल.

चिपमध्ये चाकं नाहीत, टकटक नाही. पण चिप वीज खाते, आणि कुठलं काम चाललंय त्यानुसार ती कमी-जास्त खाते. १९९६ साली पॉल कोचर या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की गणिताला किती वेळ लागला, एवढ्यावरूनही किल्लीचा माग काढता येतो. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पुढचा बॉम्ब टाकला. कार्डाकडून तेच काम शेकडो-हजारो वेळा करून घ्यायचं, दर वेळचा वीजखर्च मोजायचा आणि सरासरी काढायची. गोंगाट गळून पडतो आणि किल्लीचे अंश एकेक करून वर येतात. यासाठी कार्ड फोडावं लागत नाही, खरवडावंही लागत नाही.

हा फक्त अभियंत्यांच्या काळजीचा विषय नव्हता. नव्वदीच्या दशकात इथल्या बँकांचा सूर ठरलेला होता: आमची यंत्रणा चुकत नाही, पैसे गेले असतील तर ते तुम्हीच काढलेत. केंब्रिजजवळच्या एका पोलीस हवालदाराने आपल्या खात्यातून परस्पर पैसे गेल्याची तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीचा आरोप आला. १९९४ मध्ये तो दोषी ठरला आणि १९९६ मध्ये अपिलात सुटला. त्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभे राहिले केंब्रिज विद्यापीठाचे रॉस अँडरसन. यंत्र कुठे फसू शकतं हे सिद्ध करता आलं नाही, तर निष्पाप माणूस चोर ठरतो, हे त्यांनी जवळून पाहिलं. २०२४ मध्ये ते गेले. तोवर हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

आता येऊ घड्याळाकडे. बहुतेक चिपांमध्ये एक ठोका असतो. लेझीम पथकात शिट्टी वाजली की सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं, तसं या ठोक्यावर सगळी मंडलं एकदम हलतात. म्हणजे वीज मोजणाऱ्याला नेमकं कधी मोजायचं, ते आयतंच कळतं. त्याहून वाईट म्हणजे कार्डाला हा ठोका बाहेरून, कार्ड वाचणाऱ्या यंत्राकडून मिळायचा. शिट्टीच परक्याच्या तोंडात! त्याने मध्येच एक तोकडी, घाईची शिट्टी मारली की चिप गोंधळते आणि एखादी सूचना गाळून पुढे जाते. ती गाळलेली सूचना नेमकी सुरक्षेच्या तपासणीची असली, तर काम फत्ते.

मग शिट्टीच काढून टाकली तर?

गावाकडे स्लॅब पडताना घमेली कशी हातोहात जातात, आठवा. तिथे शिट्टी नसते. पुढच्याचे हात रिकामे झाले की मागचा घमेलं देतो, त्याने धरलं की सोडतो. घड्याळाशिवायची चिप अशीच चालते. हा विचार काही नवा नाही. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड मुलर यांनी त्याचा पाया घातला. दोन्ही बाजूंचं एकमत झाल्याशिवाय न हलणारं त्यांचं छोटं मंडल, सी-एलिमेंट, आजही वापरात आहे. पण ठोक्यावर चालणारी रचना आखायला आणि तपासायला सोपी, म्हणून उद्योग तिकडे गेला.

वाट जिवंत ठेवणाऱ्यांत मँचेस्टर होतं. एआरएम प्रोसेसरच्या मूळ रचनाकारांपैकी एक, स्टीव्ह फर्बर, १९९० मध्ये केंब्रिज सोडून तिथे प्राध्यापक झाले. त्यांच्या गटाने एआरएमच्याच सूचना पाळणारे, पण घड्याळ नसलेले प्रोसेसर बनवले. नाव दिलं अ‍ॅम्युलेट, म्हणजे आपला ताईत. पहिला १९९४ चा. तेव्हा ओढ होती ती वीज वाचवण्याची आणि रेडिओ लहरींचा त्रास कमी करण्याची. सुरक्षेचा विचार मागून आला.

तो आला युरोपीय संघाच्या मदतीने चाललेल्या स्मार्टकार्ड प्रकल्पातून. मँचेस्टर आणि केंब्रिज दोन्हीकडे काम झालं आणि २००२ मध्ये दोन्ही गटांचे निबंध आले. केंब्रिजमध्ये सायमन मूर, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक अंशासाठी दोन तारा घेतल्या. शून्य सांगायचं तर एक हलते, एक सांगायचं तर दुसरी. काहीही सांगा, हलते एकच तार, म्हणून वीजखर्च सारखाच. आणि दोन्ही तारा एकदम उठल्या तर? तसं एरवी होतच नाही, म्हणून ती धोक्याची घंटा मानायची. ती घंटा एका मंडलातून पुढच्यात पसरते आणि चाललेलं गणितच बिघडवून टाकते, चोराच्या हाती काही लागत नाही. मला या सगळ्यात हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते.

कागदावर सगळं जुळलं. केंब्रिजच्या गटाने चिप खरोखर बनवून घेतली आणि स्वतःच तिच्यावर हल्ले केले. निकाल २००३ मध्ये छापले. गळती बरीच कमी झाली होती, पण संपली नव्हती. जोडीतल्या दोन तारा सिलिकॉनवर तंतोतंत सारख्या ओढल्या गेल्या नव्हत्या. एक जरा लांब, दुसरी जरा आखूड, तेवढ्या फरकाने गुपित पुन्हा झिरपत होतं. शिवाय घड्याळ नसलेली चिप काम संपेल तशी पुढे जाते, मग किती वेळ लागला हेसुद्धा आकड्यांवर अवलंबून राहू शकतं. म्हणजे कोचरने १९९६ मध्ये दाखवलेली फट इथेही बुजवावी लागणारच. वर चिप आकाराने मोठी, म्हणजे महाग. आपल्याच चिपमधली गळती मोजून अशी उघडपणे छापणं, हे बँकांच्या त्या जुन्या सुराच्या नेमकं उलट होतं.

घड्याळ काही सगळीकडून गेलं नाही. हॉलंडमध्ये फिलिप्सने बिनघड्याळाच्या चिपा आधी पेजरमध्ये आणि मग टेकवून वापरायच्या कार्डांमध्ये घातल्या, कारण हवेतून मिळणाऱ्या तुटपुंज्या विजेवर त्या निमूट चालतात. दोन तारांची युक्ती मात्र घड्याळवाल्या चिपांनीही उचलली. इथे ब्रिटनमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानात सहीऐवजी पिन सक्तीचा झाला, तोवर कार्डांच्या चिपा बनवणारे वीज मोजणाऱ्या चोराला गृहीत धरूनच रचना करू लागले होते.