तलवार, बंदूक आणि मधले अंतर

बंदूक आली आणि तलवार म्यानात गेली, असे आपण सर्रास म्हणतो. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याचा इतिहास वाचताना मात्र हे विधान आम्हांला अपुरे वाटते. शस्त्राइतकेच दोन माणसांमधले अंतरही निर्णायक असते.

ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे फारसा भरवशाचा नसे. एकदा बार उडाला की पुन्हा दारू-गोळी ठासून नेम धरण्यात कवायती शिपायाचीही १५ ते २० सेकंदे जात. तेवढ्यात धावणारा माणूस पन्नास पावले सहज ओलांडतो. म्हणून लांबून बंदूक श्रेष्ठ, हातघाईत तलवार. बंदुकीला पुढे संगीन जोडली गेली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी.

१५९६ साली शाहजादा मुरादच्या मोगल फौजेने सुरुंगाने किल्ल्याचा तट फोडला. खिंडारात अंतर उरतच नाही. तेथे चांदबिबी सशस्त्र उभी राहिली, हल्ला परतवला गेला आणि रातोरात खिंडार बुजवण्यात आले. तहात वऱ्हाड गेला, पण किल्ला तेव्हा वाचला.

८ ऑगस्ट १८०३ रोजी जनरल वेलस्लीने शिंद्यांच्या ताब्यातील पेठेवर शिड्या लावल्या. तटाच्या आतून उभे राहण्यास जागाच नव्हती. वर चढलेला शिपाई बुरुजांवरील अरबांच्या माऱ्यात आयता सापडे. अशा वेळी ७८व्या हायलँडर पलटणीचा कॉलिन कॅम्पबेल तलवार मनगटाला बांधून, दोन्ही हात मोकळे ठेवून शिडी चढला आणि तटावरच्या रक्षकांशी भिडला. अंतर संपले आणि तट पडला. परंतु अरब माघार घेऊन घराघरांत शिरले व तेथून गोळ्या झाडू लागले. गल्लीबोळांत त्यांनी तेच अंतर पुन्हा मिळवले होते.

किल्ल्यापाशी मात्र तलवारीचे काम पडले नाही. १० तारखेला तोफा सुरू झाल्या आणि १२ तारखेला किल्लेदाराने किल्ला खाली केला.

खिंडारात लढणाऱ्यांनी एकमेकांचे चेहरे पाहिले होते. तोफ डागणाऱ्याला समोरचा माणूस दिसलाही नसेल. शस्त्रांची प्रगती म्हणजे हे अंतर वाढत जाणे होय. आपल्या मुलांना किल्ला दाखवताना पराक्रमाच्या कथांबरोबर एवढेही सांगावे, असे आम्हांला वाटते.