चांदवडच्या डोंगरवाटा

मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्यांना चांदवड म्हणजे डोंगराच्या कुशीतले रेणुकामातेचे देऊळ आणि मालेगावच्या बाजूचा राहूड घाट, एवढेच ठाऊक असते. आम्हीही बरीच वर्षे त्यांतलेच होतो. सातमाळा रांगेतले इथले किल्ले पायी हिंडू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या मुलखाचा इतिहास तटबुरुजांपेक्षा वाटांवर अधिक टिकून आहे.

राजदेहेरवाडीहून इंद्राई चढताना शेवटी कातळ उभा चिरून काढलेला पायऱ्यांचा अरुंद मार्ग लागतो. तिथेच एक फारसी शिलालेख आहे. इ.स. १६३६च्या सुमारास शाहजहानचा सरदार अलावर्दीखान याने चांदवड, इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर हे किल्ले घेतले, त्याची ही नोंद. विजयाची खूण तटावर न कोरता वाटेवर कोरली, यात आम्हांस मोठा शहाणपणा दिसतो. ज्याच्या हाती वाट, त्याच्या हाती गड. ज्या पाथरवटांनी या पायऱ्या खोदल्या, त्यांचे नाव मात्र कुठेच नाही.

पुढे चांदवड होळकरांकडे आले. अहिल्याबाईंच्या आठवणी सांगणारा रंगमहाल गावात उभा आहे, आणि इथल्या टांकसाळीतला चांदोरी रुपया एके काळी दूरवर चालत असे. १८०४ साली कर्नल वॉलेसने किल्ला घेतला. तो होळकरांना परत मिळाला खरा, पण जानेवारी १८१८मधील मंदसोरच्या तहानंतर सर थॉमस हिस्लॉपच्या स्वाधीन झाला, तो कायमचाच.

इंग्रजांनी शिलालेख कोरले नाहीत. नाशिक-खानदेशातल्या अनेक गडांचे जिने त्यांनी सुरुंग लावून उडवले. सबंध किल्ला पाडण्यापेक्षा चार पायऱ्या फोडणे स्वस्त पडते, हा हिशेब त्या कारकुनी राजवटीला शोभणाराच! इंद्राईची लेखाची वाट वाचली हे आमचे नशीब. राजदेहेरवर तुटलेल्या जिन्याच्या जागी आता लोखंडी शिडी आहे. ती चढताना आमच्यापैकी दोघांचे पाय लटपटले, हे कबूल करावयास हरकत नाही.

उतरल्यावर वाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले, “बाबा, शिडी नव्हती तेव्हा वर कसे जायचात?”

“जायचो की, खाचांत बोटं घालून,” ते म्हणाले. “शेळ्या वर गेल्यावर आम्ही खाली बसून काय करणार?”