मुंबई राज्य विधानसभा निवडणूक, १९५७

द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेची पहिली आणि अखेरची सार्वत्रिक निवडणूक. ती १९५७ च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये लोकसभेच्या निवडणुकीबरोबरच पार पडली. विधानसभेच्या ३९६ जागांपैकी काँग्रेस पक्षाला २३४ जागा मिळून त्याची सत्ता कायम राहिली. तथापि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या मराठी जिल्ह्यांत या पक्षाचा जो पराभव झाला, त्यामुळे राज्याच्या रचनेचाच प्रश्न पुन्हा खुला झाला. निवडणूक विधानसभेची असली, तरी मतदारांच्या दृष्टीने, निदान पश्चिम महाराष्ट्रात, तो भाषिक राज्याच्या प्रश्नावरील कौल होता.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये सादर केलेल्या अहवालात मराठवाड्यासह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळे विदर्भ राज्य यांची शिफारस केली होती. महाराष्ट्रात तिच्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात निदर्शकांवर गोळीबार झाला. मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय १६ जानेवारी १९५६ रोजी जाहीर झाल्यावर तर शहरात आणि बाहेरही उद्रेक होऊन अनेकजण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. या आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. केशवराव जेधे यांच्या पुढाकाराने ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात झालेल्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. प्रजासमाजवादी पक्ष, भारतीय कम्युनिस्ट पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा असे एरवी एकमेकांशी न जमणारे पक्ष या एका मागणीवर तिच्यात एकत्र आले. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर पदत्याग केला. ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने तिन्ही राज्यांची कल्पना बाजूला सारून गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ आणि मुंबईसह पश्चिम महाराष्ट्र यांचे एकच विशाल द्वैभाषिक राज्य निर्माण करण्याचे ठरविले. ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आले व यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. या तडजोडीने मराठी व गुजराती दोन्ही भाषक असंतुष्ट राहिले. अहमदाबादेतही ऑगस्टमध्ये गोळीबार झाला आणि इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरात जनता परिषद उभी राहिली. निवडणूक आली ती राज्य स्थापन होऊन चार महिनेही पुरते उलटले नसताना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले होते. त्यांचा पक्ष समितीत राहिला आणि त्याच्या अनुयायांची एकगठ्ठा मते हे समितीचे एक मोठे बळ ठरले.

निवडणुकीची पद्धती नंतरच्या काळातील पद्धतीहून निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. मतदाराने कोणतीही खूण न करता मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. पन्नासहून अधिक मतदारसंघ द्विसदस्य होते. त्यांत एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जाती वा जमातींसाठी राखीव असे आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. या व्यवस्थेमुळे संयुक्त आघाडीला एक सोय आपोआप लाभली : सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचा किंवा समाजवादी उमेदवार आणि राखीव जागेवर फेडरेशनचा उमेदवार अशी जोडी उभी करून दोन्ही पक्षांची मते एकमेकांना मिळवून देता येत. जेथे ही देवघेव प्रामाणिकपणे झाली, तेथे दोन्ही जागा समितीकडे गेल्या. फेडरेशनच्या १३ जागांचे रहस्य बव्हंशी यातच आहे. १९५२ मध्ये या पक्षाला स्वबळावर मुंबई प्रांतात फारसे यश मिळाले नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पक्षवार निकाल पुढीलप्रमाणे लागला : काँग्रेस २३४, प्रजासमाजवादी ३६, शेतकरी कामगार पक्ष ३१, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन १३, कम्युनिस्ट १३, जनसंघ ४, हिंदुमहासभा १ आणि अपक्ष ६४. या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते. समिती हा निवडणूक आयोगाच्या दृष्टीने पक्ष नव्हता. तिचे उमेदवार आपापल्या पक्षांच्या चिन्हांवर, आणि पक्षाबाहेरचे अपक्ष म्हणून लढले. त्यामुळे अधिकृत निकालपत्रांत समितीचे नाव कोठेच आढळत नाही. अपक्षांच्या रकान्यात समितीचे व महागुजरात जनता परिषदेचे पुरस्कृत उमेदवार आणि खरेखुरे अपक्ष सरमिसळ झालेले आहेत. समितीच्या जागांचे निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आकडे आढळतात ते यामुळेच. काँग्रेसला मिळालेली मते सुमारे ४९ टक्के होती. जागा मात्र ५९ टक्के.

एकूण बेरजेपेक्षा विभागवार चित्र अधिक बोलके आहे. ३९६ पैकी १३२ जागा गुजराती व २६४ मराठी भागांतील होत्या. गुजरातमध्ये महागुजरात परिषदेने अहमदाबाद व आसपासच्या भागांत काँग्रेसला जोराचा धक्का दिला, इंदुलाल याज्ञिक अहमदाबादमधून लोकसभेवर निवडून आले. तरीही तेथील जवळजवळ तीन-चतुर्थांश जागा काँग्रेसकडेच राहिल्या. विदर्भ (६६ जागा) आणि मराठवाडा (४२ जागा) मिळून काँग्रेसने पाचांपैकी चारांहून अधिक जागा जिंकल्या. मुंबई शहरातील २४ जागांत दोन्ही बाजू जवळजवळ तुल्यबळ ठरल्या व काँग्रेसची सरशी थोडक्यात झाली. उर्वरित पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे ठाण्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या बारा जिल्ह्यांत, काँग्रेसला सुमारे एक-चतुर्थांश जागांवर समाधान मानावे लागले. पाच वर्षांपूर्वी याच प्रदेशात तिचे जवळजवळ निर्विवाद वर्चस्व होते.

या बारा जिल्ह्यांतील पराभवाचे कारण एकच असले, तरी तो घडवून आणणारी शक्ती जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी होती. कुलाबा जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाचा पाया जुना होता. चरी येथील खोतीविरोधी शेतकरी संपापासून नारायण नागू पाटील यांनी तो घातला होता. ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींच्या चळवळीने कम्युनिस्टांना मतदार मिळवून दिले होते व शामराव परुळेकर लोकसभेवर गेले. रत्नागिरीत पक्षसंघटनेपेक्षा मुंबईशी असलेला घरोब्याचा संबंध निर्णायक ठरला. ज्या घरातील कर्ता पुरुष लालबाग-परळच्या गिरणीत खपत होता आणि ज्याच्या मनीऑर्डरीवर कोकणातील चूल पेटत होती, त्या घराला मुंबई महाराष्ट्रात असावी की नसावी, हा वादविवादाचा विषय नव्हता. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील राजापूर मतदारसंघातून नाथ पै यांचा लोकसभेत प्रवेश झाला तो याच लाटेवर. नासिकमध्ये दादासाहेब गायकवाड लोकसभेसाठी विजयी झाले. पूर्व खानदेशातून नौशेर भरूचा या मुंबईच्या पारशी कायदेपंडिताला मराठी शेतकऱ्यांनी लोकसभेवर पाठविले. समितीची चळवळ केवळ परभाषकद्वेषावर उभी आहे, या त्या काळी वारंवार होणाऱ्या आरोपाला मिळालेले ते एक उत्तर होते. पुण्यात शुक्रवार पेठेतून एस. एम. जोशी विधानसभेवर निवडून आले, तर लोकसभेसाठी ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळ यांचा पराभव केला. संयुक्त महाराष्ट्राची बाजू संसदेत निर्भीडपणे मांडणाऱ्या गाडगीळांचा हा पराभव मतदारांच्या मनःस्थितीचा सूचक आहे : व्यक्तीचे मत काय आहे यापेक्षा तिच्या उमेदवारीमागे कोणता पक्ष आहे, हेच त्या वर्षी पाहिले गेले.

साताऱ्याचा निकाल सर्वाधिक लक्षवेधी होय. १९४२ च्या प्रतिसरकारचा हा जिल्हा स्वातंत्र्योत्तर काळात काँग्रेसचा बालेकिल्ला मानला जाई आणि मुख्यमंत्रीही याच जिल्ह्याचे होते. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील आता कम्युनिस्ट पक्षातर्फे उभे राहून लोकसभेवर निवडून आले. कराडच्या एका मतदारसंघात स्वतः यशवंतराव चव्हाण शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारावर दोन हजारांहूनही कमी मतांनी निसटते विजयी झाले. दुसऱ्यात त्याच पक्षाचे यशवंतराव मोहिते निवडून आले. फलटण येथे १ डिसेंबर १९५५ रोजी चव्हाणांनी आपली नेहरूनिष्ठा संयुक्त महाराष्ट्राच्याही वर असल्याचे जाहीर केले होते. त्या सभेचे यजमान, संस्थानाचे माजी अधिपती मालोजीराजे नाईक निंबाळकर यांना मतदारांनी पराभूत केले. काँग्रेसच्या हाती राहिलेल्या मोजक्या जागांत पाटणची बाळासाहेब देसाई यांची जागा होती. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्ष व फेडरेशन यांची युती इतकी प्रभावी ठरली, की काँग्रेसचे अस्तित्व नाममात्र उरले.

मुंबई शहराची विभागणी जवळजवळ नकाशावर रेघ मारावी तशी झाली. गिरणगाव व दादर हे भाग समितीकडे गेले. दादरमधून आचार्य प्र. के. अत्रे विधानसभेवर, तर मध्य मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातून कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे व फेडरेशनचे गो. का. माने लोकसभेवर आले. दक्षिण मुंबईत स. का. पाटील आणि उत्तर मुंबईत व्ही. के. कृष्ण मेनन हे काँग्रेसचे उमेदवार यशस्वी झाले. गुजराती, पारशी, मुसलमान व दाक्षिणात्य मतदारांचा मोठा भाग काँग्रेसबरोबर राहिला. मात्र त्याच वर्षी झालेल्या महानगरपालिकेच्या निवडणुकीनंतर महापौरपद समितीकडे गेले व मो. वा. दोंदे महापौर झाले. प्रचारात अत्र्यांच्या नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झालेल्या मराठा दैनिकाचा आणि अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर या शाहिरांच्या कलापथकांचा वाटा मोठा होता. वर्तमानपत्र न पोहोचणाऱ्या खेड्यांत पोवाडा पोहोचत होता.

विदर्भ आणि मराठवाड्यात ही लाट का पोहोचली नाही, याची कारणे एकसारखी नाहीत. विदर्भात महाराष्ट्रात सामील होण्याबद्दलच मतभेद होते. बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी यांनी वेगळ्या विदर्भाची बाजू लावून धरली होती, आणि आयोगाच्या शिफारशीने तिला वजन आले होते. १९५३ च्या नागपूर कराराने विकासनिधी व नोकऱ्यांबाबत आश्वासने दिली असली, तरी मुंबईसाठी रस्त्यावर उतरण्याइतकी आच तेथे नव्हती. मराठवाड्याची स्थिती याहून वेगळी. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या या पाच जिल्ह्यांना द्वैभाषिकाने का होईना, इतर मराठी प्रदेशाशी जोडले होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेतृत्वाची काँग्रेसमागे असलेली पुण्याईही ताजी होती. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील यांच्यासारखे शेतकरी कामगार पक्षाचे नेते तेथून निवडून आले. परंतु ते अपवाद होत. म्हणजे सरकार टिकले ते ज्या भागांत या प्रश्नाची धग कमी होती त्या भागांच्या मतांवर, आणि ज्या भागावर ते प्रामुख्याने राज्य करीत आहे असे मानले जाई, तेथे ते अल्पमतात होते. २६४ मराठी जागांचाच विचार केला, तर काँग्रेसचे बहुमत अगदी काठावरचे होते. द्वैभाषिकाचा प्रयोग बहुसंख्यांना मान्य असल्याचा दावा यापुढे करणे पक्षश्रेष्ठींना कठीण झाले.

मराठी भाषकांचा कौल राज्याच्या सीमेपलीकडेही व्यक्त झाला. पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून त्याच वेळी झालेल्या म्हैसूर विधानसभेच्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी करणारे उमेदवार निवडून आले. सीमाप्रश्नाची निवडणुकीच्या मार्गाने झालेली ही पहिली नोंद होय.

नव्या विधानसभेत जोशी, अत्रे, उद्धवराव पाटील, दत्ता देशमुख अशा वक्त्यांमुळे विरोधी बाके कधी नव्हे इतकी सबळ झाली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले असता समितीने प्रचंड निदर्शने केली. चव्हाणांनी उघड विरोध टाळला. परंतु महाराष्ट्रात पक्ष टिकवावयाचा तर द्वैभाषिक टिकविता येणार नाही, हे त्यांनी श्रेष्ठींना हळूहळू पटवून दिले. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षा इंदिरा गांधी यांच्या कारकीर्दीत हा प्रश्न पुन्हा विचारात घेण्यात आला. पुढील वर्षी मुंबई पुनर्रचना अधिनियम संमत होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये निर्माण झाली. १९५७ मध्ये निवडून आलेले मराठी भागांतील सदस्य हेच महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभेचे सदस्य झाले.

समितीची एकजूट एका मागणीपुरती होती. ती पूर्ण होण्याच्या सुमारासच घटक पक्षांत फूट पडली. यशवंतराव मोहिते यांच्यासह शेतकरी कामगार पक्षाचे अनेक कार्यकर्ते काँग्रेसमध्ये गेले. सहकारी साखर कारखाने आणि १९६१ च्या कायद्याने आलेल्या जिल्हा परिषदा यांनी ग्रामीण नेतृत्वाला सत्तेत वाटा देऊ केला. द्विसदस्य मतदारसंघही १९६१ मध्ये रद्द झाले व त्याबरोबर फेडरेशनच्या जागी ऑक्टोबर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचा जोडीच्या मतांचा आधार नाहीसा झाला. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसने २१५ जिंकल्या. शेतकरी कामगार पक्षाला १५, प्रजासमाजवादी पक्षाला ९, कम्युनिस्टांना ६ आणि रिपब्लिकन पक्षाला ३ जागा मिळाल्या.