क्वांटमचे शेअर: भाव कशावर उभा आहे?

क्वांटम कंपन्यांचे शेअर घ्यावेत का? आधी थोडा इतिहास बघूया.

अमेरिकेत आयनक्यू २०२१मध्ये शेअर बाजारात आली, २०२२मध्ये रिगेटी आणि डी-वेव्ह. तिघींचा रस्ता एकच: ‘स्पॅक’. म्हणजे एक रिकामी कंपनी आधी लोकांकडून पैसे गोळा करते, मग खरी कंपनी शोधून तिच्याशी एक होते. आयपीओत सहसा झालेल्या कमाईचा हिशेब मांडतात. इथे पुढच्या वर्षांचे अंदाजही दाखवता यायचे.

डिसेंबर २०२४मध्ये गुगलनं ‘विलो’ चिप दाखवली आणि हे शेअर उसळले. महिन्याभरातच एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग म्हणाले, खरंच उपयोगी क्वांटम कॉम्प्युटर यायला १५ ते ३० वर्षं लागतील. ८ जानेवारी २०२५ला तिन्ही शेअर एका दिवसात एक-तृतीयांशाहून जास्त पडले.

गंमत बघा, यंत्रं आदल्या दिवशी होती तशीच होती! आयनक्यूची २०२४ची विक्री साधारण ४.३ कोटी डॉलर, बाजारमूल्य मात्र अब्जावधींत. भाव कमाईवर नव्हे, ‘कधी?’ या एका प्रश्नावर उभा होता.

म्हणून पैसे टाकण्याआधी स्वतःला विचारा: आपण किती वर्षं थांबू शकतो?